गुन्हा कबूल नाही

मंगळवार, राजुरी

आज जुन्नरच्या कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिले. वकील आधीच म्हणाले होते, "आज फक्त आरोप वाचतील. सगळे नाहीच म्हणतात." न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी "नाही" म्हणाले. आवाज जरासुद्धा कापला नाही. स्कूटर चालवताना माझी नजर मोबाईलवर होती, हे फक्त मला माहीत आहे.

बाहेर चंद्रभागाबाई काठी टेकत समोर आल्या. त्यांनाच माझी धडक बसली होती. "मंग माजा पाय काय भुतानं मोडला, बाय?" लोक हसले. मी वकिलांकडे बघितलं.

कबूल केलं तर सरकारी नोकरी जाईल. खरंच जाईल? की ही माझीच पळवाट? आणि आवाज कापला कसा नाही?

जेवताना आईनं विचारलं, "ती बाई काय म्हणली गं?"

"काही नाही," मी म्हणाले.