शनिवारचा गोलकीपर

७ जानेवारी १९६८, रविवार
गिरीश चालला — कार्डिफला! एक फेब्रुवारीपासून हॉस्पिटलची नवी पोस्ट. दर सहा महिन्यांनी या डॉक्टरांना उचलतात नि कुठेही ठेवतात. आमच्या क्रॉयडनच्या मराठी हॉकी टीमचा सेंटर-हाफ गेला, त्याचं कुणाला काय!

शाळेत इंद्रवज्रा वृत्त घोकलं होतं. अकरा अक्षरं — अकरा गडी. पाचव्या अक्षरावर यती, आणि पाच नंबरवर गिरीश. तिथे ओळ क्षणभर थांबते, मग वळते. आता थांबणार कुठे?

१० जानेवारी
सुचलं! ब्रॅकनेलच्या टीमला लेफ्ट-विंग हवाय. आपल्याकडे दोन आहेत, त्यातला शशी बाहेर बसून कुरकुरतो. तो त्यांना द्यावा, बदल्यात त्यांचा सेंटर-हाफ मोहन घ्यावा. फोनवर कॅप्टन राजीव हसत सुटला — "एझराकाका, हे काय वधूवर सूचक मंडळ आहे?"
हसा!

१४ जानेवारी, रविवार
मॅच नाही. मैदान गोठलं.
मोहन तयार आहे, पण रविवारी कॉम्प्युटरवर ड्यूटी. म्हणजे मॅच शनिवारी! राजीव म्हणाला, "काका, तुमच्या शनिवारच्या शब्बाथसाठी इतकी वर्षं संडेला खेळलो. आता संडेला आपल्याशी खेळायला उरलंय कोण? सगळ्या क्लबांच्या फिक्स्चर्स सॅटर्डेला."
खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला.

१६ जानेवारी
गुडघा दुखतो.

२१ जानेवारी, रविवार
दिवसभर मनात टीम लावली, मोडली. शनिवार म्हटला की माझा मुलगा शिमोन गोलमधून बाद. त्याच्या जागी? राजीवच्या मते बँकेतला एक इंग्रज पोरगा. मग मैदानात मराठीत ओरडायचं कसं? आमची सगळी मजा त्यात — "सोड रे!", "मागे आलाय!" — समोरच्याला अक्षर कळत नाही! परवा एका गोऱ्याने विचारलं, ही कसली कोड लँग्वेज? मी म्हटलं, आमच्या अलिबागची.

जेवताना हेच बोलत होतो. शिमोन माशाचे काटे काढत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, मी राजीवला हो म्हटलंय."
"शब्बाथला खेळणार?"
"हो. टीम मोडू देऊ?"
सूनबाई लीया पाणी आणायला उठली. टेबलावरचा पाण्याचा जग तर भरलेला होता.

२५ जानेवारी
आम्ही कोकणातले ज्यू, शनवार तेली! तिथे लोक याच नावाने ओळखायचे. अर्धपोटी राहिले, पण पणजोबांनी शनिवारी घाणा फिरवला नाही. आणि हा पॅड बांधणार! अबोला धरलाय. तोही धरतो — माझ्यावरच गेलाय.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
लीयाने शब्बाथचे दिवे लावले. कपाटाच्या पायथ्याशी त्याचे पॅड — पांढरे, नुकते रंगवलेले. उद्या पहिली मॅच. मी प्रार्थना मोठ्याने म्हटली. जरा जास्तच मोठ्याने.

३ फेब्रुवारी, शनिवार — शब्बाथ उतरल्यावर
दुपारी निघालो. लीया म्हणाली, "बाबा, कुठे?" म्हटलं, फिरायला. शब्बाथला वाहन वर्ज्य, बसमध्ये चढलो नाही. चालत गेलो, गुडघ्यासकट, पार मैदानापर्यंत. कुंपणाबाहेरच उभा राहिलो. मोहन बरा आहे — पण थांबत नाही, घाई करतो. शिमोनने दोन गोल वाचवले. तिसऱ्या वेळी एक गोरा त्याच्या पाठीमागून घुसला. त्याला दिसलाच नाही.
"मागे आलाय, शिमोन!"
सगळं मैदान वळून माझ्याकडे बघायला लागलं.