अकरावं नाव

१६ जुलै २००१, सोमवार

आठ जण झाले एकदाचे. डेक्लन सकाळपासून डेस्काडेस्कांवर फिरून नावं घेत होता — गणपतीची वर्गणी मागत फिरावं तसा! मी नको म्हणालो. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. "यू'ल बी ग्रँड," म्हणाला (इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक) आणि माझं नाव लिहून मोकळा झाला. मॅनेजरला दुसऱ्यांदा नको म्हणणं माझ्याच्याने होत नाही.

खेळ असा. दहा ऑगस्टला ऑफिससमोरच्या पबमध्ये बसायचं. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरणार. आपली पाळी आली की इंग्लंडच्या लीगमधला एक खेळाडू उचलायचा. एकाने उचलला की बाकीच्यांना तो बंद. प्रत्येकाने पंधरा घ्यायचे. मग ते तिकडे मे महिन्यापर्यंत घाम गाळणार आणि गुण इकडे कॉर्क शहरात आम्हाला मिळणार. डेक्लन पाच वर्षं बॉस्टनला होता, तिथून हे खूळ घेऊन आलाय. याला तो ड्राफ्ट म्हणतो.

माझ्या टीममधल्या विक्रांतनेही नाव दिलंय. स्वारी खूश आहे. नागपूरला कॉलेजात गोलकीपर होता म्हणे.

१७ जुलै

पाचशेच्या वर खेळाडू आहेत. मला चार माहीत. त्यातले दोन निवृत्त झालेत.

१९ जुलै, गुरुवार

कँटीनमध्ये एकच विषय. अमेरिकेतलं हेड ऑफिस माणसं कमी करणार. प्रत्येक टीममधून एक. आमच्या टीममध्ये अकरा जण, टीम लीड मी. डेक्लनला विचारलं तर, "रूमर्स, लॅड, रूमर्स." पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

इथल्या पोरांचं ठीक आहे. त्यांना शुक्रवारी काढलं तर सोमवारी दुसरीकडे लागतील. आमचं कामाचं परमिट कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की परमिट गेलं, परमिट गेलं की बॅगा भरायच्या.

माधवीला सांगायचं नाही असं ठरवून घरी गेलो. तिला मुक्ताकडून दुपारीच कळलं होतं. मुक्ता म्हणजे विक्रांतची बायको. या दोघी दिवसातून तीन वेळा फोनवर असतात, ऑफिसातल्या बातम्या मला त्यांच्याकडून कळतात.

२२ जुलै, रविवार

सगळा दिवस कॉम्प्युटरवर खेळाडूंची शीट. करायला बसलोच आहोत तर नीट करावं, एवढंच.

पहिला शोध : प्री-सीझनला काही अर्थ नाही. उन्हाळ्यात हे क्लब कुठल्या तरी गावच्या टीमशी सात-शून्य जिंकतात आणि पेपरवाले दोन गोल मारलेल्या पोराला डोक्यावर घेतात. ऑगस्टमध्ये तोच पोरगा बाकावर. म्हणून प्री-सीझनच्या कॉलमला वजन शून्य.

दुसरा शोध मोठा. हुशारी, वेग, किक — सगळं नंतर. आधी माणूस मैदानात तर पाहिजे! जो मैदानात असतो त्यालाच गुण. म्हणून गेल्या वर्षी किती सामने दुखापतीत गेले, त्या कॉलमला सगळ्यात जास्त वजन. शंभरातलं चाळीस.

रेवा येऊन स्क्रीनसमोर उभी राहिली. एका लांब केसवाल्याच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "पिक हिम, बाबा, ही'ज ओन्ली क्लास!" इथल्या पोरांच्या भाषेत, एकदम भारी. तपासलं. गेल्या वर्षी पोटरी, घोटा, परत पोटरी. एकशे ब्याण्णवावा. तिला समजावून सांगितलं. सात वर्षांच्या पोरीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती तिच्या आईची आहे.

नावं इथे लिहीत नाही. विक्रांत कधीही घरी येतो, आणि टेबलावर जे पडलंय ते उचलून वाचतो.

२८ जुलै, शनिवार

इंग्लंडहून एक क्लब इथल्या टीमशी मैत्रीचा सामना खेळायला आला होता. विक्रांत ओढून घेऊन गेला. वजन शून्य असलेला सामना बघायला दोन तास पावसात! वही नेली होती, ती भिजली.

विक्रांत नुसता बघत होता. एक म्हातारा गोलकीपर, चौतीसचा, गुडघ्याला पट्टी. "याला घेणार मी," म्हणाला. मी म्हटलं, अरे, तो वर्षातून दहा सामनेसुद्धा खेळत नाही. "पण उभा कसा राहतो बघ ना!"

मध्यंतरात चिप्स खाताना आपणहून आईबद्दल बोलला. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. त्यांचं दुखणं निघाल्यापासून तो तीनदा नागपूरला जाऊन आला. तिसऱ्या खेपेला त्या गेल्याच. शेवटी शेवटी त्या एकच विचारायच्या म्हणे — "तुझ्या ऑफिसातली माणसं चांगली आहेत ना रे?" तो हो म्हणायचा. "आणि आहेतच ना यार," मला म्हणाला. मी चिप्स खात राहिलो.

आम्ही या देशात उतरलो तेव्हा घर मिळेपर्यंत एकोणीस दिवस त्याच्याकडे होतो. त्याने आणि मुक्ताने स्वतःची बेडरूम आम्हाला दिली आणि दोघं बाहेर जमिनीवर झोपले. त्यानंतर कधी तो विषयसुद्धा काढला नाही.

१ ऑगस्ट, बुधवार

डेक्लनने माझ्या खांद्यावरून शीट बघितली. बराच वेळ बघत उभा होता. "जीझस, उपेंद्र." मग म्हणाला, "युअर मॅन हिअर शुड बी रनिंग द कंपनी." सगळे हसले. मी पण हसलो. आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

३ ऑगस्ट

घोट्याचा एक जण बरा झाला. सोळा जागा वर सरकला.

१० ऑगस्ट, शुक्रवार

ड्राफ्ट झाला. मला तिसरी पाळी. सव्वा दोन तास, आठ माणसं, एकशेवीस खेळाडू. बाकीच्यांच्या हातात पिंट, माझ्या हातात अकरा पानांचा प्रिंटआउट आणि संत्र्याचा ज्यूस. पंधराच्या पंधरा शीटमधून घेतले, एकही भावनेने घेतला नाही. कोनर — आमच्या टीममधला सर्वात लहान, तेवीसचा — त्याने गावच्या एका पोराला घेतलं, कारण तो त्याच्या आत्याच्या शेजारी राहायचा!

विक्रांतने दुसऱ्याच फेरीत गुडघेवाला गोलकीपर उचलला. सगळा पब ओरडला. तो उठून उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला. एप्रिलनंतर इतका हसताना बघितला नव्हता.

१३ ऑगस्ट, सोमवार

डेक्लनने खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

अफवा नव्हती. प्रत्येक टीममधून एक जाणार. हेड ऑफिसला कारणं कागदावर पाहिजेत, आकड्यांत, उद्या कोणी कोर्टात गेलं तर दाखवायला. "तुझी ती फुटबॉलची शीट," म्हणाला, "तशीच टीमची करून दे. यू हॅव द हेड फॉर इट." मी म्हटलं, हे तुझं काम आहे. म्हणजे मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "कधीपर्यंत?"

गुरुवारपर्यंत. कोणाजवळ बोलायचं नाही.

१४ ऑगस्ट

चार कॉलम घेतले. काम किती केलं. चुका किती निस्तरल्या. ग्राहक काय म्हणतात. वर्षभरात ऑफिसात हजर किती. शेवटच्याला वजन चाळीस, फुटबॉलसारखंच. तत्त्व एकदा ठरलं की ठरलं.

बटण दाबलं. विक्रांत सगळ्यात खाली.

पहिल्या तिन्ही कॉलममध्ये तो पुढे आहे. चौथ्यात एक्केचाळीस दिवस रजा. कुठल्या रजा ते मला माहीत आहे. अर्ज माझ्याच सहीने गेले होते.

१५ ऑगस्ट, बुधवार

माधवीला सांगितलं. कोणाजवळ बोलू नको म्हणजे बायकोजवळ नको असं होत नाही. पोळी लाटता लाटता ती थांबली. "आईचं करायला गेला त्याला तू दुखापत म्हणतोस?" मी म्हटलं, शीटमध्ये तसा शब्द नाहीये. "मग काय शब्द आहे?"

उपलब्धता.

रेवासमोर बोलायचं नाही म्हणून तिने लाटणं परत उचललं. पोळ्या मात्र करपल्या.

१६ ऑगस्ट, गुरुवार

चौथा कॉलम काढून टाकला! सकाळी उठलो आणि लख्ख दिसलं. माणसं काही खेळाडू नाहीत. रजा हा हक्क आहे, तो मोजायचाच कशाला? विक्रांत तडक तिसरा. शेवटी कोनर. त्याचं घर इथून अर्ध्या तासावर, आई-बाप भक्कम, परमिटची भानगड नाही. त्याला महिन्याभरात दुसरं काम मिळेल.

पाठवली. माधवीला ऑफिसातूनच फोन करून सांगितलं. "शहाणा आहेस," म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली, हे मी दुसऱ्यांदा ऐकतोय. येताना चिकन घेऊन आलो.

१८ ऑगस्ट, शनिवार

लीग सुरू. माझे पंधरापैकी तेरा मैदानात. आठ जणांत मी पहिला.

संध्याकाळी विक्रांत-मुक्ता जेवायला होते. विक्रांतचा गोलकीपर बाकावर बसून होता. "पुढच्या वेळी," म्हणाला. मला त्याच्याकडे बघून इतकं मोकळं वाटत होतं की मी तिसऱ्यांदा भात वाढला. त्याला कळेना, आज मला झालंय काय.

२० ऑगस्ट, सोमवार

डेक्लन शीट घेऊन आला. "छान आहे. पण टीममध्ये अकरा जण आहेत. यात दहाच आहेत."

मी मोजले. दहा.

"व्हेअर आर यू?" म्हणाला. चेष्टेत म्हणत नव्हता.

मी स्वतःला धरलंच नव्हतं! शीट करणारा शीटमध्ये कसा असेल? लीडसुद्धा मोजायचा म्हणे. बुधवारपर्यंत दुरुस्त करून दे.

माझं नाव घातलं. गेल्या दीड वर्षात मी काम म्हणावं असं काही लिहिलेलं नाही, मी दुसऱ्यांच्या कामाचे तक्ते करतो. चुका निस्तरणं पण तेच. ग्राहक मला ओळखत नाहीत. कोनरच्या खाली गेलो. अकरावा.

बरोबर आहे का म्हणून तीनदा केलं. बरोबर आहे.

चौथा कॉलम घालून बघितलं, नुसतं बघायला म्हणून. दोन वर्षांत माझी एकही रजा नाही. बहिणीच्या लग्नालासुद्धा गेलो नाही. मी सातवा. कोनर दहावा. विक्रांत अकरावा.

२१ ऑगस्ट

आज ऑफिसात काही झालं नाही. माधवीने रेवासाठी शाळेचे बूट आणले, एक नंबर मोठे, पुढच्या वर्षी पण चालतील म्हणून.

मी माधवीला काहीच सांगितलेलं नाही. तिच्या लेखी ते प्रकरण गुरुवारीच मिटलंय.

२२ ऑगस्ट, बुधवार

चार कॉलमची पाठवली. सव्वानऊला. डेक्लन म्हणाला, ग्रँड.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

विक्रांतला पत्र मिळालं. वाचून सरळ माझ्या डेस्कपाशी आला. म्हणाला, "मुक्ताला सांगायला बरोबर येतोस का? मला एकट्याला नाही जमणार यार."

गेलो. मीच सांगितलं तिला.