आमसुलांच्या सुपाशेजारी

४ मे
राजापूरहून एसटीने गावात पोहोचले. हाजराचाचींनी माडीवरची हवेशीर खोली दिली. खिडकीतून विहीर दिसते आणि तिच्या ओलीत बसलेले माझे भेक, खरखरीत कातडीचे बेडूक! तुला अभ्यासाला दुसरं जनावर नाय मिळालं गो, असे चाचींनी विचारले. त्यांचे यजमान फारुकभाई मात्र रस घेऊन ऐकत होते. मी समजावले : भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्यांच्या दुधाळ स्रावातली द्रव्ये हृदयाचे आकुंचन जोरकस आणि ठोके संथ करतात; मात्रा चुकली, तर तेच ठोके विस्कटतात. भाईंची हृदयाची रोजची गोळी याच मार्गाने काम करते. म्हणजे मी रोज चिमूटभर बेडूक गिळतो, असे म्हणून ते खूप हसले.

१० मे
चीनच्या जुन्या वैद्यकात असतात तशा, स्राव थापून चौदा चकत्या केल्या : काळपट, चिवट. वीज नाही, वाळवणयंत्र बंद. चाचींचे एक सूप मागून खळ्यात ऊन दिले. शेजारच्या सुपात त्यांची आमसुले. चकत्या कशाच्या, हे बोलले नाही. सूप मिळाले नसते.

११ मे, दुपारी दोन
आमसुले घातलेले बांगड्याचे तिखले अप्रतिम. जीभ बधिर झाली, तिरफळ असावे. भाईंनी दोनदा घेतले.

सव्वातीन
माझे सूप रिकामे. चाची म्हणाल्या, सकाळी वारा सुटला, तुझी आमसुलंही आमच्या बरणीत भरली. बरणी उपडी केली. दोन चकत्या. पातेल्यात तीन. हे विष शिजवून मरत नाही.

चार
भाईंना उलट्या. नाडी ३६. वर त्यांची गोळी — पहिल्याच दिवशी मीच सांगितले होते. रुग्णवाहिका तासाने येईल. उतारा मुंबईत.

साडेचार
भाईंची नाडी लागत नाही. चाची ४४. माझी ४०. भिंती पिवळ्या दिसतात, हेही त्याच विषाने. उरलेल्या नऊ चकत्या कुठे?

पावणेपाच
चाचींना सगळे सांगितले. त्यांनी कपाळ बडवले. सकाळीच वाटीभर आमसुले वानोळा म्हणून शेजारी मैनाकडे दिली. तिच्याकडे आज साखरपुडा. साठ पाने. मैना फोन उचलत नाही. स्पीकर वाजतो आहे, हाक पोहोचत नाही —

चाची बोलत नाहीत. पाय उचलत नाही. खळे ओलांडले की मैनाचे अंगण. सरपटत —

स्पीकर थांबला. पंगतीला बसा म्हणता —