कॅमेरा क्रमांक बारा

बर्दिया, १४ फागुन, शुक्रवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे

लौटन दादू,

वाघ वाचवणाऱ्या या संस्थेतल्या माझ्या पगारी उमेदवारीचा हा शेवटचा आठवडा. पुढे कायम करतील, असं आमची प्रमुख सुशीलादिदी म्हणते. फक्त घरचं कुणी चोरून जंगलात जाता कामा नये.

मघाशी मी जंगलातल्या वाटेवरच्या कॅमेरा क्रमांक बाराच्या फोटोंची नोंद करत होतो. गावाला छपराचं गवत कापायला दिलेली मुदत संपून पंधरवडा झाला, तरी काल सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी एक बाई भारा घेऊन जाताना दिसली. चेहरा भाऱ्याखाली झाकलेला. अंगात तू कतारला जाताना टाकून गेलेला लाल स्वेटर, कोपरावर मी लावलेलं ठिगळ. सहा सत्तेचाळीसला त्याच वाटेवर वाघीण आली.

दिदी मागून डोकावली. “कोण रे ही वाघाची मावशी? तुमच्या गावची का?”

“ओळखत नाही, दिदी,” म्हणत मी लिहिलं : अनोळखी स्त्री, एक.

मग बाहेर जाऊन आईला फोन केला. “काल जंगलात गेली होतीस?”

“वेडा की काय! तुझी नोकरी घालवू? घरीच होते मी. तू जेवलास का?”

जेवलो म्हणालो.

आपल्या घराचं छप्पर अजून अर्धं उघडं आहे, म्हणजे ती पुन्हा जाणार आणि विचारलं की नाहीच म्हणणार. म्हणून उद्या पहाटे पाच वाजता मीच त्या वाटेवर तिला परत फिरवायला उभा राहीन. कॅमेऱ्यात आम्ही दोघं स्पष्ट येऊ.

हे पत्र पाठवणार नाही. तिथून तू काय करशील?

तुझा धाकटा,
फुलराम