मंत्र्याचा राजीनामा

४ फेब्रुवारी १९७४
टक्, टाक टाक. टक्, टाक टाक. माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे मेश्राम मास्तर कविता शिकवायचे. डस्टरनं टेबलावर भुजंगप्रयाताचा ठेका. माझी पोरं इतिहास सोडून डोलायची. मीही. आज चरित्राचं भाषांतर करायला बसलो आणि हाच ठेका कानात. बारा वर्षांनी.
चरित्र मुलांसाठी, वाचनालयाच्या मालेत. अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या मंत्रिमंडळातला परराष्ट्रमंत्री. मी नुसतं 'मंत्री' म्हणतो.

७ फेब्रु.
मंत्री हुशार, गोड बोलणारा, अध्यक्षांचा जुना स्नेही. पाच पानं झाली. ही म्हणाली, "तुमच्या मंत्र्याले विचारा, चहा घेतो का. सकाळपासून त्याच्याशीच बोलून राहिले."
बोलत होतो?

११ फेब्रु.
परक्या राजदूताचं, वाटेत पकडलेलं एक पत्र; त्यात मंत्र्याचं नाव. फितुरीचा संशय. अध्यक्ष सर्वांसमक्ष ते मंत्र्याच्या हाती देतात : वाचा, खुलासा करा. मंत्री त्याच दिवशी राजीनामा देतो. उरलेलं आयुष्य नाव धुऊन काढण्यात.
पुढं लिहवेना.

१२ फेब्रु.
कालची पानं वाचली. मंत्र्याच्या तोंडी एक वाक्य : "सर, मले ते पत्र एकदा पाहू द्या." अक्षर माझंच. मूळ पुस्तकात असं काही नाही; तीनदा पाहिलं. खोडलं.
वाक्य कुणाचं ते ठाऊक आहे. मी मुख्याध्यापक झालो आणि निनावी पत्र आलं : मेश्राम पेपर फोडतात. शाळा समितीच्या दोघांसमोर त्यांना बोलावलं. त्यांनी एवढंच मागितलं. मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली फिरवली. माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्या उभ्या, त्यांनी राजीनामा लिहिला. वर्षभरानं आमच्या कारकुनाच्या रजेच्या अर्जावर त्या निनावी पत्रातलंच अक्षर दिसलं. गप्प बसलो. पत्र अजून ट्रंकेत.
अध्यक्षांनी निदान हातात तरी दिलं होतं.

१५ फेब्रु.
पुन्हा तेच वाक्य, खोडलेल्या जागेखाली. जेवून आलो तर शाई ओलसर. हिला दाखवलं. "अक्षर तं तुमचंच. डोळे दाखवून घ्या."

१८ फेब्रु.
ठरवलं. पत्र खिशात घालून सक्करदऱ्याला गेलो. मेश्रामांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मास्तर? ते तं दिवाळीच्या आधीच वारले जी. पोरगी बिलासपूरले राहते. तुम्ही कोण?"
नाव सांगितलं नाही. तळ्याकाठी बसलो. त्यांच्या आवडीची एखादी ओळ म्हणावी वाटलं, शब्दच येईनात. नुसता ठेका. पत्र परत ट्रंकेत.

२१ फेब्रु.
भर दुपारी दार वाजलं. टक्, टाक टाक. ही बहिणीकडे गेलेली. दारात तिशीची बाई, बोटांना खडू.
"मी मेश्राम मास्तरांची पोरगी."
पत्ता कुणी दिला, विचारलं.
"बाबानं. काल."
मी दार पुरतं उघडलं. ती म्हणाली, "दारापर्यंत आले होते म्हणे तुम्ही. मंग न देताच काहून परत गेले? आणा जी ते पत्र. मले पाहू द्या."
ओसरीवर बसवलं. पाणी दिलं. आत येऊन हे लिहितो आहे. ट्रंक उघडी, कागद हातात. बाहेर बाकावर बोटांनी तोच ठेका चालू आहे. मास्तर शिकवायचे त्या ओळी आठवू लागल्या आहेत, एकेक करून. कवितेचं शेवटचं कडवं राहिलं आहे. ते झालं की उठतो.