उजव्या बाहीवरचा डाग

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, काम घरच्या घरी कपड्यांवरचे हट्टी डाग काढण्याचे, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, माझ्याच हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा गेले वर्षभर भेटेल त्याला सांगत सुटला आहे की आईला हल्ली काही आठवत नाही. मला सगळे आठवते आणि त्याची अडचण तीच आहे. हे मी रागाच्या भरात लिहिलेले नाही. राग वर्षभर अंगात मुरल्यावर लिहिलेले आहे.

कलम पहिले. आठ वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घर, ठेव आणि सगळे काही मुलाच्या नावे लिहिले होते. ते मी याद्वारे रद्द करते. ते लिहिताना मी शुद्धीवर होते, पण डोळ्यांवर कातडे ओढून बसले होते. त्याचा दाखला कोणताही डॉक्टर देत नाही.

कलम दुसरे. माझे राहते घर, म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची मोरी, माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमान छापखान्यात खिळे जुळवायचे. रोज शाईने बरबटून यायचे. त्यांच्या शर्टांवरची शाई काढता काढता मला हा हात आला. पुढे छापखाना बंद पडला आणि या मोरीवर घर चालले. घराच्या किमतीतला मोठा हिस्सा लोकांच्या चहाच्या, ग्रीसच्या आणि गंजाच्या डागांतून आला आहे. वडिलोपार्जित असे यात काही नाही, त्यामुळे हक्काची भाषा कोणी करू नये.

हे घर मी माझ्या सुनेला देते. संपूर्ण, कायमचे, तिच्या एकटीच्या नावावर. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, पुन्हा लग्न करून त्यात नांदावे किंवा त्यात कधी पाऊलही टाकू नये. तिच्यानंतर ते माझ्या नातीचे. सध्या त्या दोघी औषधांच्या दुकानावरच्या एका खोलीत राहतात आणि खाली दुकानात सून कामाला जाते. तिने मला माफ करावे अशी अट या कलमात नाही. मी माफी मागितली की ती द्यायची की नाही याचे ओझे तिच्याच डोक्यावर येणार. तिच्या डोक्यावर पुष्कळ पडले आहे. घर घे, बाई.

कलम तिसरे. आता थोडे धंद्याचे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

चाळीस वर्षे मी एकच गोष्ट ओरडून सांगितली: रक्ताच्या डागावर गरम पाणी घालू नका. रक्त थंड पाण्यात सोडायचे, मीठ चोळायचे, पांढरा कपडा असेल तर पेरॉक्साइडचे चार थेंब टाकायचे. उलट्या बाजूने धुवायचे. गरम पाणी पडले की रक्त धाग्यात शिजते आणि मग प्रत्यक्ष देव आला तरी ते निघत नाही. तरी लोक गरमच घालतात. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने उशीचा अभ्रा तीन वेळा उकळून माझ्याकडे आणला आणि वर मलाच म्हणाली, "अहो, तुमच्या हाताला काही यश नाही आता." मी तो अभ्रा तिच्या अंगावर फेकला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यालाही इथेच निकालात काढते. त्याच्या दुकानातले डाग न निघणारे कपडे बावीस वर्षे माझ्या मागच्या दाराने आले आणि त्याच्या चिठ्ठ्या लावून पुढच्या दाराने गेले. गिऱ्हाइकांना तो सांगायचा की आमच्याकडे खास मशीन आहे. ते मशीन म्हणजे मी. माझ्या मोरीतली ब्लीचची अर्धी बाटली त्याला द्यावी. कोणत्याही डागावर ब्लीच ओतण्यापलीकडे त्याची अक्कल गेली नाही, तेव्हा ती त्याच्या उपयोगी पडेल.

मऊ ब्रश, बोथट चमचा, ग्लिसरीन, स्पिरिट, टिपकागद आणि इनॅमलची तीन भांडी समोरच्या शिंप्याला द्यावीत. तो माणूस कपड्याला हात लावण्याआधी हात धुतो. निळी बादली मात्र कोणाला देऊ नये. ती फोडून टाकावी. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम चौथे. माझ्या अकरा वह्या आहेत. हात लावलेल्या प्रत्येक कपड्याची त्यांत नोंद आहे: तारीख, कपडा, डाग कशाचा, उपाय काय केला, आणि शेवटच्या रकान्यात "गेला" किंवा "राहिला". "राहिला" फार थोड्या वेळा लिहावे लागले. त्याचा मला केवढा गर्व होता!

दहाव्या आणि अकराव्या वहीत सुनेच्या कपड्यांच्या चौदा नोंदी आहेत. ब्लाऊज, गाऊन, टॉवेल, पुन्हा ब्लाऊज. चौदाही ठिकाणी डागाच्या रकान्यात मी "टोमॅटो" असे लिहिले आहे. ते खोटे आहे. मी हे शपथेवर लिहिते की ते चौदाही डाग रक्ताचे होते, ते रक्त माझ्या सुनेचे होते आणि ते माझ्या मुलाने काढले होते.

पहिल्यांदा झाले तेव्हा लग्नाला दीड वर्ष झाले होते. सून मोरीच्या दारात ब्लाऊज घेऊन उभी होती आणि ओठ सुजला होता. म्हणाली, "पडले, आई." मी तिला कुठे लागले ते विचारले नाही, कशी पडलीस तेही नाही. मी विचारले, "किती वेळ झाला?" कारण डाग किती जुना आहे त्यावर उपाय ठरतो. ती म्हणाली, "अर्धा तास." मी म्हणाले, "मग निघेल." आणि निळी बादली पुढे ओढली.

त्यानंतर आमच्यात बोलणेच उरले नाही. ती कपडा बादलीत टाकायची आणि मी धुवायची. पेरॉक्साइडची बाटली संपली की तीच दुकानातून नवी आणायची. सुनेच्या हातून आणवलेल्या बाटलीने मी सुनेचे रक्त काढले. मला डाग ओळखता आला नाही असे म्हणण्याची सोय मला नाही. शाई निळी की जांभळी हे मी वासावरून सांगणारी बाई. मला पहिल्या दिवशी कळले होते. मुलगा माझा होता, विमा कंपनीत साहेब होता, गल्लीत त्याला लोक नमस्कार करत होते, आणि कपडे स्वच्छ निघत होते. मी तोंडाला कुलूप लावले. एकदाच धीर करून त्याला म्हणाले, "अरे, हात आवर." तो म्हणाला, "तू तुझी मोरी सांभाळ." मी मोरी सांभाळली. या वाक्याची मला जितकी चीड येते तितकी जगात कशाची येत नाही. चीड त्याच्या बोलण्याची नाही, मी ते ऐकले याची आहे.

आता त्या चौदा नोंदींचा उपायाचा रकाना पाहावा. डागाच्या रकान्यात मी खोटे लिहिले, पण उपायाच्या रकान्यात खोटे लिहिता आले नाही, कारण पुढच्या वेळी मलाच ते बघावे लागणार होते. पुढची वेळ येणार हे मी धरून चालले होते, हे वाचणाऱ्याने नीट लक्षात घ्यावे. टोमॅटोला मी व्हिनेगर लावते आणि कपडा कडक उन्हात टाकते, कारण टोमॅटोचा रंग उन्हाने उडतो. या चौदा नोंदींत मीठ आहे, पेरॉक्साइड आहे, आणि ऊन कुठेही नाही. ते कपडे मी मोरीतल्या दोरीवर वाळवले, बाहेरून कोणाला दिसू नयेत म्हणून.

दोन्ही वह्या सुनेला द्याव्यात. तिने त्या कोर्टात दाखवाव्यात, नाहीतर चुलीत घालाव्यात.

कलम पाचवे. गेल्या वर्षीच्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, मी मोरीत होते. आतून आवाज आला, मग भांडे पडले. थोड्या वेळाने मुलगा आला. त्याने अंगातला पांढरा शर्ट काढून निळ्या बादलीत टाकला आणि म्हणाला, "आई, बाही जरा बघ. उद्या मीटिंग आहे."

उजव्या बाहीचे टोक लाल होते. माझी नात, तेव्हा आठ वर्षांची, माझ्या मागे उभी होती. आम्ही तिला चिमणी म्हणतो. तिने बादलीत वाकून पाहिले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "आजी, हा पण टोमॅटोचा का गं?"

तिला ते मीच शिकवले होते.

तासाभरात सून एक पिशवी आणि मुलगी घेऊन दारात आली. भुवईवर रुमाल धरलेला होता. मी म्हणाले, "पोलिसांत जा. मी येते." ती म्हणाली, "काय दाखवू, आई? तुम्ही सगळं धुतलंत. एक चिंधीसुद्धा ठेवली नाहीत माझ्यासाठी." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरे झाले असते.

त्या गेल्यावर मी शर्ट बादलीतून काढला. तो अजून भिजला नव्हता, बादलीत पाणी घालायचे माझ्याकडून राहिले होते. मग मी चाळीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. पातेलेभर पाणी खळखळ उकळले आणि बाहीवर ओतले. पुन्हा उकळले, पुन्हा ओतले. मग इस्त्री लाल होईपर्यंत तापवली आणि त्या डागावरून दाबून फिरवली. हात भाजला, तो व्रण अजून आहे. संध्याकाळी मुलाने विचारले, "निघाला का?" मी म्हणाले, "नाही. आणि तू निघ." दुसऱ्या दिवशी कुलूप बदलले. तेव्हापासून तो कंपनीच्या फ्लॅटवर राहतो आणि मला विसरभोळी ठरवतो.

कलम सहावे. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. ती अठराची होईपर्यंत सुनेच्या ताब्यात राहावी. चिमणीला कोणीतरी सांगावे की आजी खोटे बोलली होती. ते इतरांकडून तिच्या कानावर पडण्याआधी सांगावे. मला अजून जमलेले नाही. दोनदा त्या दुकानापर्यंत जाऊन परत आले.

कलम सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी, ज्यांच्या सल्ल्याने मी ते केले, त्या वकीलबाईंनी करावी. त्यांनी त्या शर्टाचे फोटो काढून घेतले आहेत. त्या म्हणाल्या, "मावशी, कोर्टात याचा कितपत उपयोग होईल ते मी सांगू शकत नाही. पाणी उकळलंत ना, आता तपासणीत काय उरलं असेल कोण जाणे." मी म्हणाले, उकळले नसते तर मी तो धुतला असता. माझ्या हातांचा मलाच भरवसा नव्हता. माझ्या मुलाने या मृत्युपत्राला हरकत घेतली तर शर्ट, वह्या आणि हे कागद त्याच्या कंपनीतल्या साहेबांच्या आणि नमस्कार करणाऱ्या गल्लीच्या देखत कोर्टात मांडावेत.

कलम आठवे, साक्षीदारांबद्दल. पहिले साक्षीदार डॉक्टर. दुसरी साक्षीदार मी मुद्दाम वरच्या मजल्यावरची शेजारीण निवडली आहे. आमच्या घरात आवाज व्हायचा तेव्हा तिच्या टीव्हीचा आवाज वाढायचा. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवायची गरज नसते, माझी सही होताना पाहिली की पुरे. मी म्हणाले, हिला अथपासून इतीपर्यंत वाचून दाखवायचा, आणि टीव्ही बंद करून.

कलम नववे आणि शेवटचे. माझ्या मुलाला मी काहीच ठेवले नाही असे त्याने म्हणू नये. कपाटाच्या वरच्या खणात तो शर्ट घडी करून ठेवला आहे. कोर्टाचे काम निघाल्यास ते संपल्यावर, नाहीतर लगेच, तो त्याला द्यावा. अकराव्या वहीतली शेवटची नोंद मी त्याच्याच माहितीसाठी इथे उतरवते:

शर्ट, पांढरा, सुती. डाग रक्ताचा, सुनेचा. उपाय: उकळते पाणी, इस्त्री. राहिला.

स्थळ: माझे राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजता

मृत्युपत्र करणारी: (सही)

आमच्या दोघांच्या समक्ष बाईंनी सही केली आणि बाईंच्या समक्ष आम्ही केली.

साक्षीदार पहिले, डॉक्टर: (सही) बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. उजव्या तळहातावर भाजल्याचा जुना व्रण आहे, तो पाहिला.

साक्षीदार दुसरी, वरच्या मजल्यावरची शेजारीण: (सही) सगळे वाचून दाखवले, ऐकले. तेव्हाही ऐकू येत होते.