अमावास्येचा धक्का

सातारा,
१० फेब्रुवारी १९४४

ती. तात्याकाकांस,

मधूचा साष्टांग नमस्कार. सवयीने लिहिला, हात काही जोडले गेले नाहीत. इकडे सर्व ठीक. काकूंच्या गुडघ्यांना आराम पडला असेल. आसामातून आणलेल्या दगडांनी माझी खोली भरली आहे आणि घरमालक रोज नाक मुरडतो.

तुमचे पत्र पोचले. ‘पौषी अमावास्येस तिकडे धरणीकंप झालाच, आमचे भाकीत खरे ठरले,’ असे लिहिता. वाचून किळस आली, काका. ऑक्टोबरच्या मोठ्या भूकंपापासून आसामातली जमीन थरथरतेच आहे. अमावास्येला थरथरली, तशी प्रतिपदेलाही थरथरली असेल.

हे मी तुम्हाला तिकडूनच कळवले होते. तिथले डोंगर दोन्ही बाजूंनी दाबले जातात, दाब असह्य झाला की खडक जुन्या चिरेवर सरकतो, आणि मग कित्येक महिने लहान धक्के बसत राहतात. पण दिवस कोणालाच सांगता येत नाही, हेही लिहिले होते. त्या चिरा शोधत मी अंगावर जळवा घेऊन रानोमाळ हिंडलो. तुम्ही त्यातले धक्के तेवढे उचललेत, दिवस पंचांगातून काढलात, आणि भविष्य विचारायला येणाऱ्या शिपायांच्या आयांना वाटलात.

आमच्या शेजारच्या हरणाबाई त्यांतल्याच. लेकीकडे तुमच्या सांगलीला आल्या होत्या, तेव्हा तुमच्याकडे आल्या. त्यांचा सयाजी आसामातल्या पलटणीतून रजेवर आला होता. ‘अमावास्या टळेपर्यंत पोराला धाडू नका,’ म्हणालात. आईने गळ्याची शपथ घातली. रजा संपली तरी पोरगा माळ्यावर लपून राहिला. आता पळपुटा म्हणून लष्कराच्या कोठडीत आहे.

सोमवारी चौकशी आहे. भाकीत सांगणाऱ्याने समोर येऊन कबुली दिली, तर शिक्षा हलकी होईल, नाहीतर सक्तमजुरी. चौकशी करणाऱ्या लष्करी साहेबाने मला स्पष्ट सांगितले. ज्योतिषाचे नाव विचारले, तेव्हा मात्र ‘विचारून सांगतो’ म्हणून मी निघून आलो.

म्हणून गेल्या पत्रात तुम्हाला इकडे बोलावले. त्यावर तुमचे उत्तर काय, तर ‘अष्टम चंद्र आहे, प्रवास वर्ज्य.’ शी! चंद्राची ढाल करून घरात बसायला तुम्हाला काहीच वाटले नाही?

काल हरणाबाई नारळ घेऊन आल्या. वाटले, आता तुमचा उद्धार होणार. तर म्हणतात, “ह्यो तात्यास्नी द्या. त्येंच्यामुळं माजं लेकरू धक्क्यातनं वाचलं. आवं, आता येवडंच इचारा, सयाजी कवा सुटंल? त्येंचा दिस चुकत न्हाई.”

मला मान वर करवेना. “तात्या स्वतःच येऊन सांगतील,” असे बोलून गेलो.

तेव्हा या. मोटार थांबते तिथे मी घ्यायला येईन. नाही आलात, तर सोमवारी मी साहेबापुढे तुमचे नाव सांगणार आहे, पूर्ण, पत्त्यासकट. एवढे एकच वाक्य लिहायचे होते. ते टाळत टाळत दोन पाने झाली. नाव सांगितले की तो विचारेल, हे तुझे कोण? तेही सांगेन.

तुम्हीच लहानाचा मोठा केलेला,
मधु